बस्त्याची गादी

अण्णा,

दुकानात पुन्हा गादी घातली आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले तर पहिलं वाक्य दुकानाचंच आलं. तुम्हाला त्याचं नवल वाटणार नाही. आपल्या दोघांत दुकानाशिवाय दुसरा विषय होता कुठे? जेवतानासुद्धा आपण कापडाच्या ठाणांबद्दलच बोलायचो आणि आई म्हणायची, "एक दिवस आमटीत सुतळी सापडेल तुमच्या." धाकटा रविवारी वाशीहून येतोय. गादी ठेवायची की उचलायची हे तो आला की ठरेल. दुकान आम्हा बहीणभावांच्या नावावर आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. त्याने उचल म्हटलं तर उचलेन, भांडणार नाही. पण मग मी या दुकानात कशासाठी बसते हे मला स्वतःलाच सांगता येणार नाही, आणि वरच्या मजल्यावर तर मी एकटीच असते. हे कुणाशी तरी बोलायला हवं होतं. कामावरच्या पोरींशी हे बोलण्यासारखं नाही, म्हणून तुम्ही.

आधी काय झालं ते सांगते. मागच्या वर्षी दुकान पार बदललं. धाकट्याने पनवेलची एक डिझायनर बाई आणली. तरुण आहे, हुशार आहे, केस कापलेले, हातात मोजायचं यंत्र. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून म्हणाली, "काकू, इथे गिऱ्हाईक आलं की बसतं. बसलेलं गिऱ्हाईक फक्त तुम्ही दाखवाल तेवढंच बघतं. गिऱ्हाईक हिंडलं पाहिजे." झालं. भिंतीपासून भिंतीपर्यंतची तुमची गादी गुंडाळून माळ्यावर गेली. खाली गुळगुळीत लाद्या आल्या, काचेचं दार आलं, एसी आला. भारी साड्या डोळ्यांच्या उंचीला, त्यांच्यावर पिवळट दिवे. परकर, टॉवेल, रुमाल पार मागे, का तर परकर घ्यायला आलेली बाई सगळं दुकान ओलांडून गेली पाहिजे. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि महिना संपल्यावर गल्ला बघितला तेव्हा मी गप्प बसले. शनिवार-रविवारी हायवेला गाड्यांची रांग लागते ना, आता तर पूर्वीपेक्षा जास्त लागते, तेव्हा मुंबईकर गाडीतून उतरून गारव्याला म्हणून आत शिरतात आणि दोन-दोन कुर्ते घेऊन बाहेर पडतात. तुमच्या दुकानात त्यांनी डोकावूनही बघितलं नसतं.

आणि तुमच्या गादीचे गोडवे गाणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी ऐकवते, तुम्हीही ऐका. लग्नाच्या बस्त्याला बायका सकाळी यायच्या आणि दिवे लागायच्या वेळेला उठायच्या, आणि दिवसभर पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. तुम्ही म्हणायचात, चहा घ्या, सरबत घ्या, आणि त्या म्हणायच्या, नको हो शेठ. तुम्हाला वाटायचं लाजतात. अहो, दुकानात मोरी नव्हती! अगदीच अडलं तर मी त्यांना गुपचूप मागच्या शिंपिणीच्या घरी घेऊन जायचे. पुरुष मंडळी उठून समोरच्या गल्लीत जाऊन यायची, त्यामुळे तुमच्या डोक्यात कधी आलंच नाही. डिझायनर बाईने पहिल्या नकाशात बायकांचं संडास-बाथरूम काढलं, कडी-कोयंडा, आरसा, पिशवी अडकवायला खुंटी. माळ्यालाही खिडकी पाडून घेतली तिने. मी त्या माळ्यावर अंधारात ठाणं मोजण्यात तरुणपण घालवलं, आणि आता पोरी तिथे खिडकीत बसून डबा खातात. दुपारनंतर त्यांच्या हातून पूर्वी चुका व्हायच्या, मापं चुकायची, त्या कमी झाल्या. उजेडाने आणि वाऱ्याने माणूस इतकं सुधारतं हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी काही जुन्याच्या नावाने गळा काढत नाही. नवं दुकान चांगलं आहे, चालतंही छान.

फक्त त्यात मला जागा राहिली नाही. मला काचेची केबिन आहे, फिरती खुर्ची आहे. लोक हिंडतात, उभ्याने घेतात, काचेच्या फटीतून कार्ड सरकवतात आणि जातात. दिवसभरात शेकडो माणसं बघते, पण बोलणं काय होतं? "पिशवी हवी का?" एवढंच. पूर्वी गादीवर टेकलेली बाई आधी गुडघे चोळायची, मग सुनेचं सांगायची, मग वाडीतल्या सुपारीचं, आणि साडी त्यानंतर. कुणाकडे काय शिजतंय ते सगळं माहीत असायचं मला. आता संध्याकाळी शटर ओढलं की जिना चढून वर जाते आणि लक्षात येतं, आज आपला आवाज आपण धड ऐकलाच नाही. मग उगाच टीव्हीवरच्या बाईला उत्तरं देते. हसू नका. तुम्ही गेल्यावर आई होती, तोवर हे इतकं जाणवत नव्हतं.

त्या केबिनमध्ये बसून मला एक दुपार वारंवार आठवते. मी शाळेत होते, तुम्ही वर जेवायला गेला होतात, मी गादीवर एकटी. एक बाई दारात आली, डोक्यावरची पाटी बाहेर उतरवून, एक पाय उंबऱ्याच्या आत. वरच्या फळीवरच्या नऊवारीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याचा काय भाव?" मी पटकन सांगितला. तिने मान हलवली, पाटी उचलली आणि गेली. तुम्ही जिन्यात उभे राहून ऐकलं होतंत. खाली येता येताच सुरू झालात, "उभ्या बाईला भाव सांगितलास? अक्कल कुठे ठेवलीस? उभं माणूस अर्धं रस्त्यावर असतं. आधी बसव, पाणी विचार, लुगडं तिच्या मांडीवर पडू दे. मग भाव." मी म्हटलं, तिच्याकडे पैसे नसतील. तुम्ही म्हणालात, "मग तर बसवायलाच हवी होतीस. निदान बसून तरी गेली असती." तुमचा आवाज इतका चढला होता की समोरचा भांडीवाला बघायला लागला. मी रडले. पण तुम्ही गेल्यावरही उभ्या माणसाला मी कधी भाव सांगितला नाही. आता प्रत्येक मांडणीवर मोठ्या आकड्यांत भावाच्या पाट्या आहेत. कुणाला विचारावंच लागत नाही.

आणि कॉलेज संपलं त्या वर्षी तुम्ही सुताराला घरी बोलावून माझ्यासाठी डेस्क करून घेतलंत, गादीवर मांडी घालून लिहायचं, शिसवी, पितळी कड्यांचं. तुमच्या डेस्काच्या शेजारी ते ठेवलंत आणि सगळ्या बाजारपेठेला पेढे वाटलेत. मुलगी शेजारी बसवणारा पेठेतला पहिला दुकानदार, असं लोक म्हणाले आणि माझी छाती फुगली. धाकट्याला दुकानात रस नव्हता हे तेव्हाच कळलं होतं. स्थळं येत होती, तुम्ही प्रत्येकात काहीतरी खोट काढत होतात. एक महाडचं होतं, चांगलं होतं, मुलगा मास्तर होता. तुम्ही म्हणालात, हंगाम संपू दे, मग बघू. लग्नाचा हंगाम आपल्याकडे कधी संपतो, अण्णा? एक संपला की दुसऱ्याच्या मालासाठी सुरतेला जायची वेळ. जिला सासरी पाठवायची आहे तिला कुणी एवढं घट्ट डेस्क करून देत नाही, हे मला खूप वर्षांनी सुचलं. त्या वेळी मी फक्त खूश होते.

आता या आठवड्यातलं. तुळशीचं लग्न झालं आणि बस्ते सुरू झाले. हल्ली सगळे एकत्र येतात असं नाही, मुली फोनवर पसंत करतात, पण खेड्यांतून अजून येतात, दोन्ही घरं मिळून, म्हातारी माणसं घेऊन. परवा दोन जीप भरून आले. मुलगी दिवेआगरकडची, बापाची नारळी-सुपारीची वाडी, वादळात झोपलेली ती अजून पुरती उभी राहिलेली नाही. मुलगा इकडचाच, डोंगराखालच्या गावातला, भातशेतीवाला. सगळ्यात पुढे मुलाची आत्या. तिने काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. तिने काढल्या म्हणून मागच्या सगळ्यांनी काढल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत गार लाद्यांवर अनवाणी वऱ्हाड. आमच्या कामावरची पोरगी म्हणाली, "मावशी, चपला घालून या, चालतं." आत्या म्हणाली, "गो, गादीवं कोन चपला घालून जातंय?" आणि मग तिने इकडेतिकडे बघितलं. गादी कुठेच नव्हती. मी केबिनमधून हे बघत होते.

मग जे व्हायचं ते झालं. माणसं मांडण्यांमधून पांगली, कोण कुठे आहे कुणाला दिसेना. मुलीच्या आईने आत्याच्या मानासाठी एक साडी उचलली, जांभळ्या काठाची, रंग बघून उचलली बिचारीने. आत्याने ती कुठून उचलली ते बघितलं आणि वरची भावाची पाटी वाचली. "व्हय का! म्हनजे आमची किंमत या फळीवरची हाय!" मुलीची आई म्हणाली, "ताई, मी पाटी बघितलीच न्हाय हो, देवाशपथ." पण आत्याच्या शेजारच्या दोघी आता इतर फळ्यांवरच्या पाट्या वाचायला लागल्या होत्या, कुणाची साडी कुठली ते. मुलाचा काका म्हणाला, चला, पनवेलला जाऊ. मुलीचा बाप भिंतीला हात लावून उभा. आणि मुलगी उभी होती त्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना आरसे आहेत, त्यामुळे ती जिकडे तोंड फिरवील तिकडे तिला स्वतःचंच रडवेलं तोंड दिसत होतं.

तुमच्या गादीवर हे झालं नसतं. तुम्ही मानाच्या साड्यांचा भाव चारचौघांत कधी उच्चारला नाहीत, मुलीच्या बापाला बाजूला घेऊन कानात सांगायचात. मी केबिनमधून बाहेर आले. आत्याला म्हटलं, "आधी बसा जरा." ती म्हणाली, "कुठं बसू? तुज्या डोक्यावं? उबं ऱ्हाऊन माजे पाय भरले." मी पोरींना वर पिटाळलं, गाद्या खाली आणवल्या. साड्या नेसवून उभ्या केलेल्या त्या प्लॅस्टिकच्या बायका उचलून एका बाजूला लावल्या. खोळी मळकट होत्या, म्हणून मांजरपाटाचं कोरं ठाण सोडलं आणि टर्रकन फाडून त्यावर अंथरलं. तो आवाज ऐकून आत्या जरा निवळली असं मला वाटलं. साडी उघडायच्या आधी कात्रीने तिची भावाची चिठ्ठी कापायची, असं पोरींना सांगितलं. मुलाकडचे भिंतीकडे, मुलीकडचे दाराकडे, मध्ये नवरी, तिच्यासमोर मी. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसाठी लुगडं काढलं, तुम्ही काढायचात तसं. चहा आला. मांड्या टेकल्या, गुडघे चोळून झाले, कुणीतरी पान काढलं, आणि बायका बोलायला लागल्या.

अण्णा, माझ्या हातांना सगळं आठवत होतं. घडी उलगडून पदर हवेत टाकणं, तो नेमका मुलीच्या गुडघ्यांवर पडणं. तासाभराने आत्याने ढिगातून एक साडी ओढली, तीच, जांभळ्या काठाची. "ही बरी हाय. अंगाला मऊ." मुलीच्या आईने माझ्याकडे बघितलं, मी पुढची घडी उलगडली. दुपारी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी सोडली. मी उठायला लागले तशी आत्याने माझा हात धरला. "तू जेवलीस का गो?" असं मला कुणी विचारून किती काळ झाला होता! मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तिला वाटलं चटणी तिखट लागली. मग तिने विचारलं, "पोरं काय करतात?" मी म्हटलं, लग्न नाही केलं. "मंग तुज्यासंगं कोन असतं?" मी म्हटलं, दुकान असतं. तिने माझ्या भाकरीवर आणखी एक भाकरी ठेवली. संध्याकाळी बस्ता बांधला, गठ्ठ्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. ते गेले. मांजरपाटावर चुन्याचे डाग आणि सगळीकडे दोरे. मी गादी उचलली नाही. तशीच ठेवली, आणि धाकट्याला फोन केला.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. काल रविवार झाला. धाकटा डिझायनर बाईला घेऊनच आला. दारातच म्हणाला, "ताई, काय गं हे? धर्मशाळा केलीस? एवढं काम करून घेतलं ते काय यासाठी?" मी उत्तर देणार होते. काय काय बोलायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. पण त्या बाईने तेवढ्यात बूट काढले, गादीवर जाऊन मांडी घातली आणि बराच वेळ इकडेतिकडे बघत बसली. मग म्हणाली, "काकू, इथून मांडण्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. आणि हा दिवा थेट डोळ्यात येतो, तो हलवायला लागेल." मी तिला पाट्यांचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, या बाजूच्या पाट्या काढू, चूक माझी. मग धाकट्याला विचारलं, "त्या दिवशीची विक्री किती?" धाकट्याने कॉम्प्युटरवर बघितलं. पुन्हा बघितलं. "असू दे मग गादी," म्हणाला. अर्ध्या तासात त्या बाईने कागदावर काढूनही दिलं, म्हाताऱ्यांना चढायला बुटकी पायरी, पाठीला टेकू, चपलांना फडताळ. त्याला ती बस्ता कॉर्नर म्हणते. म्हणू दे. नंतर धाकटा चहा पिताना विचारत होता, "ताई, हे तुला कसं सुचलं? लोक बसले की जास्त घेतात, हेच ना?" मी म्हटलं, हो, हेच. त्याने दुसरं काही विचारलं नाही, त्याला रांग लागायच्या आत परत निघायचं होतं.

आज सोमवार. दुपारची वेळ, पेठ सुस्त आहे. पोरी वर डबा खाताहेत, त्यांचं हसणं खाली ऐकू येतंय. दुकानात गिऱ्हाईक नाही. मघाशी केबिनमधून उठून गादीवर जाऊन बसले, आपल्या बाजूला, पाठीशी साड्या. मग काय मनात आलं कोण जाणे, उठले आणि समोरच्या बाजूला जाऊन बसले, जिथे नवऱ्या मुली बसतात. इतक्या वर्षांत त्या बाजूला मी एकदाही बसले नव्हते. तिथून दुकान वेगळंच दिसतं, मोठं दिसतं, सगळं आपल्यासाठीच मांडलंय असं वाटतं. समोर मात्र कुणी नव्हतं. तरी मी पदर सावरून बसले, जरा वेळ बसूनच राहिले.

हा कागद कुणाला दाखवणार नाही, पोरी खाली यायच्या आत फाडून टाकेन. विक्री वाढते म्हणून गादी ठेवली, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. ते खोटं नाही. पण खरं म्हणजे कुणीतरी येऊन माझ्यासमोर बसावं, एवढ्यासाठी ती मला हवी होती. आणि आणखी एक. ते तुमच्या तोंडावर मला कधी बोलता आलं नाही.

सगळ्या तालुक्याच्या मुलींचे बस्ते तुम्ही बांधलेत. माझाही बांधायला हवा होता, अण्णा.